"पोलिसांची चिठ्ठी आणा" म्हणाले तर तिथून हलू नका

लैंगिक अत्याचारानंतर उपचारांसाठी गेलेल्या तुमच्या रूममेटला काल रात्री हॉस्पिटलच्या खिडकीवरून "आधी पोलिसांची चिठ्ठी आणा" म्हणून परत पाठवलं, हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. 2019 मध्ये धाकट्या बहिणीला घेऊन मी अशाच एका खिडकीपुढे उभी होते. मी ना वकील ना डॉक्टर, तेव्हा कलमं एकदा कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. 112 (तातडीची मदत), 181 (महिला हेल्पलाइन) हे नंबर तुमच्याकडे असतीलच, त्यावर वेळ घालवत नाही.

केसपेपरवाल्याने मान वर न करता चिठ्ठी मागितली आणि मी चक्क "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा राग मला अजून येतो. तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पहिल्या ठाण्यात "आमची हद्द नाही", दुसऱ्या ठाण्यात "मॅडम अकराला येतील". मधल्या वेळात बहीण म्हणाली, ताई, मला अंघोळ करायचीय. एवढा उशीर झालाच आहे, आता काय, म्हणून मी करू दिली. तपासणी झाली दुपारी तीनला.

चिठ्ठी लागतच नाही. तेव्हाही लागत नव्हती. हॉस्पिटल सरकारी असो वा खासगी, त्यांनी लगेच आणि फुकट उपचार द्यायचे असतात. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 397 मध्ये आहे, आणि नकार देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना कळवायचं काम हॉस्पिटलचं. सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल, तरी उपचार अडत नाहीत. (मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, तिथे तक्रारीची गोष्ट वेगळी.) खिडकीवर वाद घालू नका, सरळ कॅज्युअल्टीच्या ड्युटी डॉक्टरांकडे जा आणि म्हणा, "नाही म्हणताय ते लिहून द्या." लिहून कुणी देत नाही, पण आवाज लगेच बदलतो. हद्दीचंही तसंच. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो, जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा, आणि प्रत फुकट मिळते.

आजच्या आज परत जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही तशीच. अंघोळ झाली असली, थोडा पुरावा धुऊन गेला असला तरी जा, आता काही उपयोग नाही हे स्वतःच ठरवू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. मी साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते, आत पाणी सुटलं. तपासणीत 'टू-फिंगर टेस्ट'चं (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) नाव निघालं तर साफ नाही म्हणा, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ती पुन्हा एकदा ठामपणे निषिद्ध ठरवली आहे.

माझं मत, पटलं तर घ्या: बोलायला एकच माणूस ठेवा. आमच्याकडे मावशी आली, काका आले, प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं होतं, आणि वर "एवढ्या रात्री बाहेर कशाला?" हेही होतंच. बहिणीने ती गोष्ट त्या दिवशी सात वेळा सांगितली. मी मोजलं होतं. नंतर समुपदेशक नीट भेटली तेव्हा ती तोंडच उघडेना. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारं 'दिलासा' केंद्र आहे, इतर जिल्ह्यांत तशाच मदतीचं सरकारी 'सखी' वन स्टॉप सेंटर विचारा. माणूस बरं भेटणं नशिबावर आहे, नाही पटलं तर बदला. पीडितांना सरकारी आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतो, पण पैशाचा विषय पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे काढू नका.

आणि जाताना तिचा एक जोड कपडा, आतले कपडे आणि चपला पिशवीत टाका. अंगावरचे कपडे हॉस्पिटलवाले पुरावा म्हणून ठेवून घेतात. माझी बहीण माझी ओढणी गुंडाळून रिक्षात बसली होती.