आधी रस्ता, मग टेबल

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र वाचून खरं तर चिडलो. एम.सीएच. (शस्त्रक्रियेतली वरची पदवी) झाल्यावर थ्रोम्बेक्टॉमी, म्हणजे पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढणं, शिकायला परदेशी जायचं की ठाण्यात राहून शहापूर-मुरबाडचे पेशंट बघायचे, एवढ्यावरून झोप उडवून घेतलीस? जा ना, शीक. पण परत आल्यावर ‘कॅथलॅब (जिथल्या टेबलावर हे काम करतात ती खोली) कुणाची चांगली’ हे विचारत येऊ नकोस. पेशंट त्या लॅबपर्यंत किती वाजता पोचतो, ते विचार. आधी रस्ता, मग टेबल.

2015 साली एकापाठोपाठ पाच अभ्यास आले आणि मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढणं फायद्याचं ठरलं. 2018 मध्ये निवडक पेशंटसाठी त्याची मुदत झटक्यापासून 24 तासांपर्यंत गेली. तेव्हापासून आपल्यातले काहीजण घाई संपल्यासारखं बोलतात. अगं, ते 24 तास स्कॅनमध्ये ज्यांचा मेंदू अजून तग धरून दिसतो त्यांचे! मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी जातात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तास, आणि तेही सीटीत रक्तस्राव नाही हे बघितल्यावरच.

आता विक्रमगडचा माणूस घे. पालघर जिल्हा 2014 मध्ये वेगळा झाला, तरी डोक्याचे बरेच पेशंट अजून इकडे ठाण्यातच येतात. अंगावरून वारं गेलं म्हणून घरचे तेल चोळतात, ‘सकाळी बघू’ म्हणतात. मग बीपीची गोळी, मग जिथे सीटी आहे ते गाव, तिथलं मशीन बंद, मग पुढचं गाव आणि शेवटी घोडबंदर रोडचा ट्रॅफिक. एवढ्या उशिरा तुझ्या सोन्यासारख्या हातांनी काय करायचं?

हिमाचलात 2014 पासून जिल्हा रुग्णालयातले फिजिशियन सीटीचे फोटो मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजिस्टला फोनवर दाखवून तिथल्या तिथे इंजेक्शन देऊ लागले. डोंगरात जमतं ते भिवंडीत का नाही? मला हे उत्तर कुणी धड देत नाही.

‘ठाण्यात बसून बर होल (कवटीला छोटी भोकं) पाडतोस’ असं मला पुष्कळांनी ऐकवलं. हो, पाडली. एंडोस्कोपी शिकायला जपानला जायचं राहिलं. बॅचमेट भेटले की ते अजून सलतं. पण पडलेल्या आजोबांच्या डोक्यात साचलेलं जुनं रक्त दोन भोकांतून काढलं की ते दुसऱ्या दिवशी चहा मागतात. हे काम दाराशी असावं लागतं. मुंबईला पाठवलं की घरचे म्हणतात, वय झालंय, नको आता. (हे मी तुला सांगतोय की त्या बॅचमेटना, कोण जाणे.)

तर आता हे कर. शहापूर, मुरबाड, भिवंडी इथले फिजिशियन गाठ, त्यांच्याबरोबर चहा घे, तुझा नंबर दे. कुठल्या गावात रात्री सीटी चालू असतं, ते स्वतः जाऊन बघ. 108 वर काम करणाऱ्यांना विचार, त्यांचा वेळ कुठे जातो. आणि रात्री दोनला फोन आला की ‘उद्या ओपीडीत पाठवा’ म्हणायचं नाही. आधी रस्ता, किती वेळा सांगू?

फेलोशिपचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कळव. शिफारसपत्र मी देतो.