डेस्कटॉपचा प्रोसेसर ९५ डिग्रीच्या वर जातो आणि मधेच पीसी बंद पडतो, प्रोसेसर बदलावा लागेल का?

नाही, प्रोसेसर बदलायची घाई अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मशीन चार वर्षं जुनं आहे, कॅबिनेट एकदाही उघडलेलं नाही, कूलर प्रोसेसरच्या बॉक्समधून आलेलाच आहे, गेम लावला किंवा व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला की फॅन जोरात आवाज करतो, तापमान ९५ च्या वर जातं आणि हल्ली अधूनमधून सगळं धाडकन बंद होतं, आणि कोणीतरी सांगितलं की प्रोसेसर गेला. यातलं एकही लक्षण प्रोसेसर गेल्याचं नाहीये. पीसीत जे पार्ट सगळ्यात कमी बिघडतात त्यात प्रोसेसर येतो. तो तापतोय म्हणजे त्याची उष्णता बाहेर पडायच्या वाटेवर कुठेतरी अडकतेय आणि ती नेमकी कुठे ते घरच्या घरी शोधता येतं.

तापमानाचा आकडा सगळेच बघतात, पण खरी माहिती तो आकडा किती वेळात चढला यात असते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे मोजून घ्या. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते फक्त सेन्सर दाखवायच्या मोडमधे चालू करा, इंटेल असेल तर सीपीयू पॅकेज आणि रायझन (एएमडीचा प्रोसेसर) असेल तर टीसीटीएल नावाची ओळ बघा. (लिनक्स असेल तर एलएम-सेन्सर्स टाकून टर्मिनलवर बघता येतं.) सगळं बंद करून पीसी दहा मिनिटं नुसता पडू द्या, तो आकडा लिहून ठेवा, खोलीचं तापमानही लिहा, आणि मग सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं टेस्ट सॉफ्टवेअर) किंवा तुमचा तोच व्हिडिओ एक्सपोर्ट चालू करून पहिले दहा सेकंद डोळे त्या आकड्यावर ठेवा, नंतर पंधरा मिनिटं चालू देऊन परत बघा.

आता जर लोड आल्या आल्या दोन-तीन सेकंदात ४५ वरून थेट ९५ झालं आणि लोड काढल्यावर तितक्याच झटक्यात खाली आलं, तर उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे कूलरच्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्यापर्यंत, पोचतच नाहीये. हीटसिंकचं धातूचं वजन बऱ्यापैकी असतं, ते तापायला वेळ लागतो, त्यामुळे ते नीट चिकटलेलं असेल तर साध्या प्रोसेसरवर आकडा असा उडी मारत नाही. म्हणजे पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता पोचवायला लावलेला थर) वाळलेली आहे किंवा कूलर एका बाजूने सुटलाय. पण जर पहिल्या उडीत ६५-७० ला थांबलं आणि मग हळूहळू चढत चढत दहा-पंधरा मिनिटांनी ९५ ला गेलं तर पेस्ट बहुतेक ठीक आहे, हीटसिंकला उष्णता मिळतेय पण त्याच्याकडून ती हवेत जात नाहीये, म्हणजे धूळ, फॅन किंवा कॅबिनेटमधली हवा. आणि काहीही न करता नुसतं पडलेलं असतानाच ६५-७० दाखवत असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडून मागे काय चालू आहे ते बघा. चोरून मायनिंग करणारे (तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो कमावणारे) काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात, त्यामुळे उघडल्या क्षणी फॅनचा आवाज आणि तापमान दोन्ही उतरत असेल तर तो योगायोग समजू नका, नीट स्कॅन करा.

दोन गोष्टींनी उगाच घाबरू नका. रायझन प्रोसेसर ब्राउजर उघडला तरी क्षणभर दहा डिग्री उडी मारतात, कारण एकच कोर एकदम जोरात पळतो, ते नॉर्मल आहे. आणि बायोसमधे (पीसी चालू होताना उघडता येणारं मदरबोर्डचं सेटिंग) दिसणारं तापमान विंडोजमधल्या रिकाम्या तापमानापेक्षा जास्त असतं कारण बायोसमधे प्रोसेसर झोपेच्या मोडमधे जात नाही.

९५ हा आकडा वाईट आहे का, तर ते मॉडेलवर आहे. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे. रायझन ५००० मधे मॉडेलप्रमाणे ९० किंवा ९५. २०२२ मधे आलेली रायझन ७००० मालिका तर मोठ्या लोडवर ९५ पर्यंत जाऊन तिथेच काम करत राहील अशीच बनवलेली आहे, एएमडीनेच तसं सांगितलंय. मर्यादेला पोचला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात, एचडब्ल्यूइन्फोमधे थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत 'यस' दिसतं. एवढं करूनही तापमान वर जात राहिलं तरच तो शेवटचा उपाय म्हणून वीज तोडतो.

तुमच्या केसमधे मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. थ्रॉटलिंग नीट चालत असताना पीसी सहसा बंद पडत नाही, नुसता हळू होतो. तुमचा बंद पडतोय म्हणजे एकतर कूलर इतका सुटलाय की स्पीड कमी करूनही भागत नाही, किंवा बंद पडण्याचं कारण वेगळंच आहे आणि प्रोसेसरवर उगाच आळ येतोय. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) थकला असेल तरी गेम खेळताना असंच धाडकन बंद होतं, कारण तेव्हा ग्राफिक्स कार्डही जोरात वीज ओढत असतं. हे वेगळं करायला एचडब्ल्यूइन्फोमधे लॉगिंग चालू ठेवा, ते दर दोन सेकंदांनी फाइलमधे आकडे लिहीत जातं, बंद पडल्यावर परत चालू करून शेवटच्या ओळी बघा. शेवटी १०० च्या आसपास दिसलं तर उष्णताच, ७५-८० दिसलं तर एसएमपीएसकडे बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे (घडलेल्या गोष्टींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, त्यावर विसंबू नका, मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं एवढंच ते सांगतं, का झालं ते नाही.

मग कॅबिनेट. पहिला प्रयोग साधा आहे, बाजूचं झाकण काढून ठेवा आणि तोच लोड परत पंधरा मिनिटं चालवा. आठ-दहा डिग्री कमी झालं तर कूलरला ताजी हवाच मिळत नव्हती. समोरून हवा आत आणि मागून-वरून बाहेर अशी रचना पाहिजे, आणि एखादा फॅन उलटा बसवलेला असणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, तेवढं बघितलं की दिशा कळते. कॅबिनेट भिंतीला किंवा टेबलाच्या कप्प्यात चिकटून असेल तर आधी ते मोकळं करा. झाकण काढून काहीच फरक पडला नाही तर दोष कूलरमधे किंवा पेस्टमधे. आणि खोली २२ डिग्री असताना प्रोसेसर ८० ला जात असेल तर ३८ डिग्रीच्या खोलीत तोच ९६ ला जाणार, कूलर हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही, म्हणून खोलीचं तापमान लिहून ठेवा म्हणालो.

चार वर्षं न उघडलेल्या मशीनमधे धूळ नक्की असणार, पण ती कुठे असते ते नीट कळलं पाहिजे. वरून बघितलं तर फॅनच्या पात्यांवर थोडी दिसते आणि लोक ती पुसून झाकण लावतात. खरा थर फॅनच्या खाली, फॅन आणि हीटसिंकच्या पट्ट्यांच्या मधे बसतो, कापडासारखा घट्ट, वरून दिसतच नाही. फॅन काढता येत असेल तर काढा आणि मग साफ करा. त्याआधी प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. ब्लोअर किंवा कॉम्प्रेस्ड एअर वापरा आणि हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला टेकवू नका, त्यात स्टॅटिक तयार होतं.

फॅन स्वतःही बघा. एखादी वायर पात्याला अडकत नाहीये ना, मदरबोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच जोडलाय ना, आणि बायोसमधे सायलेंट मोड तर नाही ना. सायलेंटमधे कधीकधी ८० डिग्री होईपर्यंत फॅन निम्म्या वेगानेच फिरतो. पाण्याचा कूलर असता तर पंप चालतोय का ते बघायला सांगितलं असतं (एक नळी गरम आणि दुसरी गार लागली तर पंपावर संशय घ्यायचा), तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण मी जेवढी तापणारी मशीन बघतो त्यात हा दोष सारखा सापडतो. त्याला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या पुश पिना असतात आणि त्यातली एखादी अर्धवट बसलेली असते किंवा मशीन हलवताना सुटते. दिसायला कूलर जागेवर असतो पण एक कोपरा केसभर उचललेला असतो आणि तेवढं पुरतं. प्रत्येक कोपरा हलकेच हलवून बघा, जरा जरी हलला तर तेच कारण धरा. परत बसवताना आधी समोरासमोरचे तिरके दोन कोपरे दाबा मग उरलेले दोन, टिक असा आवाज आला पाहिजे, आणि शक्य असेल तर मदरबोर्डच्या मागून टॉर्च मारून चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघा.

एएमडी असेल आणि सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४ प्रकारचं असेल तर कूलर काढताना जपा. जुनी पेस्ट गोंदासारखी घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेलं असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर वर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं लोड चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून प्लग काढा, आणि क्लिप किंवा स्क्रू सोडल्यावर कूलर थोडा डावी-उजवीकडे पिळत पिळत सोडवा, मगच उचला.

कूलर एकदा काढला की पेस्ट नवीन लावायचीच, जुनीवरच परत बसवला तर मधे हवेचे बुडबुडे राहतात. दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने चकाचक होईपर्यंत पुसा, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा थेंब टाका आणि कूलर सरळ खाली दाबून बसवा, तो दाबानेच पसरतो. किती लावायची यावर लोक खूप वाद घालतात पण थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते आणि काही होत नाही, कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. साधी, वीज वाहून न नेणारी पेस्ट घ्या. लिक्विड मेटल घेऊ नका, ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं, आणि बॉक्समधल्या हीटसिंकच्या तळाशी ॲल्युमिनियम असण्याची शक्यता बरीच असते. पुढे कधी नवीन कूलर आणलात तर त्याच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म आठवणीने काढा.

हे सगळं ठीक निघालं तरी तापत असेल तर मदरबोर्ड प्रोसेसरला किती वीज देतोय ते बघा. बॉक्सवर ६५ वॉट लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं तेवढीच जाते. कोअर आय५-१२४०० वर ६५ लिहिलंय पण टर्बोमधे (प्रोसेसर तात्पुरता जास्त वेगाने पळतो तेव्हा) इंटेलने दिलेली मर्यादा ११७ आहे, आय९-१३९००के ला १२५ आणि २५३. रायझनमधे ६५ वॉटवाले साधारण ८८ पर्यंत ओढतात. त्यात बरेच मदरबोर्ड ही मर्यादा स्वतःहून काढून टाकतात, बायोसमधे 'मल्टी कोअर एन्हान्समेंट' किंवा पीएल१, पीएल२ अशा नावाने सेटिंग असतं, ते इंटेलच्या मूळ आकड्यांवर आणा, रायझनला इको मोड (कमी विजेत चालवायचं सेटिंग) लावून बघा. काम थोडंसंच हळू होतं आणि तापमान बरंच उतरतं. बायोसमधे जायची भीती वाटत असेल तर तात्पुरतं विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधे 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा, बहुतेक मशीनमधे त्याने टर्बो बंद होतो आणि एक्सपोर्ट तरी पूर्ण होईल.

तुमच्या जागी मी असतो तर आधी लॉग, मग झाकण काढून प्रयोग, मग धूळ, मग पिना आणि पेस्ट या क्रमाने गेलो असतो, आणि प्रत्येक पायरीनंतर तोच एक्सपोर्ट परत चालवून आकडा लिहिला असता, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. यानंतरही तासन्‌तास एक्सपोर्टचं काम असेल तर बॉक्समधला कूलर त्या कामाला लहानच आहे, १२० एमएम फॅनचा टॉवर कूलर घ्या, फक्त घ्यायच्या आधी तुमच्या कॅबिनेटमधे किती उंचीचा कूलर मावतो ते बघा, असे बरेच कूलर १५५-१६० मिलिमीटर उंच असतात आणि लहान कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही.