रस्त्यावरची चिन्हं पाठ आहेत, पण गाडी चालवताना पटकन अर्थ लागत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तक्त्यातली सगळी चिन्हं पाठ झाली आहेत, सराव परीक्षेत मार्कही चांगले पडतात, पण प्रत्यक्ष रस्त्यावर अर्थ आठवेपर्यंत पाटी मागे गेलेली असते. त्यात एकाच खांबावर दोन-तीन पाट्या असल्या की आणखी गोंधळ. मी नवशिक्यांना गाडी शिकवतो, आणि ही तक्रार जवळपास प्रत्येकाकडून ऐकतो. माझ्या मते दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही, तक्त्याचा आहे. तक्ता चित्राचं नाव शिकवतो. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला नाव नको असतं. पाय कुठे न्यायचा आणि नजर कुठे ठेवायची, एवढंच त्याला हवं असतं.

वेळ किती मिळतो ते बघा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. धोक्याची पाटी १५० मीटर आधी लावलेली असेल तर त्या जागी पोचायला तुमच्याकडे ६ सेकंद आहेत. त्यातच पाटी दिसायची, कळायची, आरसा बघायचा आणि वेगही कमी करायचा. म्हणून आतल्या चित्राकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बाहेरचा आकार, कारण तो चित्राच्या कितीतरी आधी दिसतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

टोक वर असलेला, लाल कडेचा त्रिकोण दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. पुढे काय आहे हे चित्र सांगेलच. वळण असो, शाळा असो की खडबडीत रस्ता, पहिली कृती तीच. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे काहीतरी करायला बंदी किंवा मर्यादा. निळं वर्तुळ म्हणजे सक्ती: इकडेच वळा, याच बाजूने जा. चौकोन बहुतेक वेळा माहितीचे. इतकं झालं की चित्राने फक्त तपशील भरायचा उरतो.

ही व्यवस्था एका दिवसात झालेली नाही. १९०९ साली पॅरिसच्या करारात जेमतेम चार धोक्याची चित्रं ठरली: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. त्या काळच्या मोटारचालकाला कशाची धास्ती होती ते यावरून कळतं. आज बऱ्याच देशांत दिसणारी चिन्हं १९६८ च्या व्हिएन्ना करारातून आली आहेत. पण सगळं जग त्यावर एकमत नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड या देशांत धोक्याची सूचना त्रिकोणात नसते, पिवळ्या रंगाच्या, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात असते. उलट युरोपातल्या बऱ्याच देशांत पांढऱ्या कडेचा तसाच पिवळा चौकोन सांगतो की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, पुढच्या चौकात पहिला हक्क तुमचा. एकीकडे ‘जपून’, दुसरीकडे ‘चला’. परदेशात गाडी भाड्याने घेणार असाल तर बाकी काही नाही वाचलं तरी एवढं बघून जा.

दोन आकार मात्र मुद्दाम या रांगेबाहेर ठेवले आहेत: ‘थांबा’चा अष्टकोन आणि ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण. बर्फाने किंवा चिखलाने पाटी झाकली तरी नुसत्या बाह्यरेषेवरून ती ओळखू यावी, हा फायदा. दुसरा फायदा सहसा कोणी शिकवत नाही, पण मला तो जास्त मोलाचा वाटतो. हे आकार मागूनही ओळखू येतात. चौकात शिरताना आडव्या रस्त्यावरच्या पाटीची पाठ अष्टकोनी दिसली, तर त्या गाड्यांना थांबायला सांगितलंय हे तुम्हाला कळतं. त्या थांबतीलच असं नाही, पण काय अपेक्षित आहे ते माहीत असतं.

अष्टकोन आला अमेरिकेतून, १९२३ साली. जितक्या बाजू जास्त तितका धोका मोठा, असा तिथल्या रस्ते अधिकाऱ्यांचा हिशोब होता. वर्तुळाला तर अगणित बाजू, म्हणून ते त्यांनी रेल्वे क्रॉसिंगसाठी राखून ठेवलं. गंमत म्हणजे हा बोर्ड तिथे कितीतरी वर्षं पिवळा होता, कारण उन्हात न विटणारा लाल रंग मिळत नव्हता. तो १९५४ मध्ये लाल झाला. जपानमध्ये मात्र आजही ‘थांबा’ची पाटी लाल उलट्या त्रिकोणाची असते.

आता ‘थांबा’ आणि ‘वाट द्या’ या दोघांतला फरक, कारण नवशिके इथे हमखास घोटाळा करतात. ‘वाट द्या’ म्हणजे वेग इतका कमी करा की गरज पडली तर सहज थांबता येईल. मुख्य रस्ता मोकळा असेल तर न थांबता गेलात तरी चालतं. ‘थांबा’ म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा दिसत असला तरी. ‘कोणीच नसताना कशाला?’ असं सगळेच विचारतात. ही पाटी सहसा अशा ठिकाणी लावतात जिथे भिंत, झाडी किंवा उतारामुळे रेषेपर्यंत पोचल्याशिवाय बाजूचं नीट दिसतच नाही. रिकामा वाटणारा रस्ता तुम्हाला पूर्ण दिसलेलाच नसतो. थांबा, दोन्हीकडे बघा, आणि तरीही दिसत नसेल तर हळूहळू पुढे सरकून पुन्हा बघा.

लाल वर्तुळांमध्येही एक जोडी फसवी आहे. भरलेल्या लाल वर्तुळात आडवी पांढरी पट्टी म्हणजे नो एन्ट्री: या बाजूने शिरू नका. समोरून गाड्या येत असू शकतात, म्हणून हे जास्त घातक. नुसती लाल कड आणि आत रिकामं पांढरं वर्तुळ म्हणजे दोन्ही दिशांनी वाहनांना बंदी. आणखी एक: बंदीच्या प्रत्येक चिन्हावर तिरकी लाल रेघ असतेच असं नाही. लाल वर्तुळात नुसती सायकल असेल तर ‘सायकलींसाठी रस्ता’ असा अर्थ बरेच जण लावतात. तो अगदी उलटा आहे. बंदी कडेतच आहे, रेघ नसली तरी चालते.

पार्किंगचं दोन वाक्यांत सांगतो. लाल कडेच्या निळ्या वर्तुळावर एक लाल रेघ असेल तर गाडी लावून जाऊ नका, पण माणूस उतरवायला क्षणभर थांबणं सहसा चालतं. दोन रेघांची फुली असेल तर तेवढंही नाही.

आकड्यांच्या पाट्यांवर मात्र थोडा वेळ द्या. लाल वर्तुळातला आकडा कमाल वेग, निळ्या वर्तुळातला किमान वेग. धोक्याच्या त्रिकोणात १०% लिहिलेलं असेल तर तो उतार किंवा चढ आहे: १०० मीटर आडवं अंतर गेल्यावर १० मीटर उंची बदलते. कोनात मोजलं तर हे ६ अंशांपेक्षाही कमी, म्हणून बघताना काही वाटत नाही. पण लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि मग दाबूनही धरत नाही. त्या पाटीचा खरा अर्थ असा: उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या आणि इंजिनलाच गाडी अडवू द्या. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती कुठे आहे हे सपाट रस्त्यावरच शोधून ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते अरुंद पुलावरचं चिन्ह, दोन बाणांचं. एक बाण वर, एक खाली. लोक त्याला ‘दुतर्फा वाहतूक’ समजून सरळ पुलावर चढतात. इथे रंग वाचायचा: लाल बाण ज्याचा, त्याने थांबायचं. वर जाणारा बाण तुमचा. तो लाल असेल तर समोरच्याला आधी येऊ द्या. समोरच्याचा लाल असेल तर आधी तुम्ही. तरीही समोरची गाडी आधीच पुलावर असेल तर हक्काचा वाद घालू नका, तिला बाहेर येऊ द्या.

बंदी कुठे संपते हेही विचारलंय तुम्ही. व्हिएन्ना करारातला साधा नियम असा, की ती संपल्याची किंवा बदलल्याची पाटी येईपर्यंत. तशी पाटी नसेल तर पुढच्या चौकापर्यंत. पण काही देश यातून वेगमर्यादा वगळतात. जर्मनीत चौक ओलांडला म्हणून मर्यादा आपोआप उठत नाही, आणि तिथे गावाच्या नावाची पाटी आली की वेगळं काही न लिहिताच ५० ची मर्यादा सुरू होते. त्यामुळे हा एक मुद्दा जिथे गाडी चालवणार त्या देशाच्या नियमपुस्तकात बघाच.

राहिला तुमच्या खांबाचा प्रश्न. मुख्य चिन्हाखालची छोटी पांढरी पट्टी हे स्वतंत्र चिन्ह नसतं, ती वरच्या चिन्हाला घातलेली अट असते. ‘२०० मी.’ म्हणजे धोका इतक्या अंतरावर आहे. आकड्याच्या दोन्ही बाजूंना बाण असतील तर तो इतका लांब पसरलाय. ट्रकचं चित्र असेल तर वरचा हुकूम फक्त ट्रकना. चिन्हं दोन-तीन असतील तर आधी ‘थांबा’ किंवा ‘वाट द्या’ शोधा, मग लाल वर्तुळं, मग त्रिकोण. दिशादर्शक गावांची नावं सगळ्यात शेवटी; चुकलात तर पुढून वळून येता येतं. सिग्नल चालू असेल तर त्याच खांबावरच्या ‘वाट द्या’कडे बघायचं नाही, सिग्नल मोठा. सिग्नल बंद पडला की ती पाटी पुन्हा लागू. आणि चौकात पोलीस उभा असेल तर सिग्नल आणि पाटी दोन्ही बाजूला, त्याच्या हाताकडे बघा.