अध्यक्ष झालीस ना, आता इतिवृत्ताची वही माग

तुझा प्रश्न दोनदा वाचला. (वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.) बालवाडी आणि अभ्यासिका चालवणाऱ्या गावच्या संस्थेने तुला अध्यक्ष केलंय. कारभार सगळा सचिवकाका बघतात, तुझ्याकडे फक्त सह्यांचे कागद येतात. घरचे म्हणतात, मान मिळालाय तर घे, खोलात कशाला शिरतेस? आणि तू विचारतेस, काकांना न दुखावता लक्ष कसं घालू?

न दुखावता जमेलच असं नाही. थोडे दुखावतील. चालायचंच.

मी एका तालुक्याच्या गावी पाळणाघर आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या संस्थेत २६ वर्षं आहे. त्यातली पहिली चार वर्षं मीही तुझ्यासारखीच अध्यक्ष होते, म्हणजे २६ जानेवारीला झेंड्याशेजारी उभी राहणारी. चौथ्या वर्षी ऑडिटरने काहीतरी विचारलं म्हणून पहिल्यांदा इतिवृत्ताची वही नीट उघडली. एका सभेत शिवणयंत्रांच्या खरेदीचा ठराव होता. सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', सगळं रीतसर. सभा माझ्या अध्यक्षतेखाली झालेली आणि खाली माझी सही. त्या तारखेला मी मिरजेत नणंदेच्या बाळंतपणाला होते! सही खोटी नव्हती हं. महिन्याभराने कुणीतरी वही दारात आणली होती आणि मी कणकेचे हात पुसून ती केली होती, न वाचता. खरेदीत वावगं काही निघालं नाही, यंत्रं अजून चालतात. पण निघालं असतं तर धर्मादाय कार्यालयात (आपल्यासारख्या संस्थांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) उभं मलाच राहावं लागलं असतं. विश्वस्त म्हणून नाव असलं की 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

तेव्हा आधी ती वही. सभेचा विषय क्रमांक १ असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. बहुतेक ठिकाणी तो 'वाचलं असं समजू' म्हणून उरकतात. तू उरकू देऊ नकोस, मोठ्याने वाचायला लाव. आणि शेवटचा विषय बघ: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. परवानगी कुणाची, अध्यक्षांची ना? आमच्याकडे पैशांचे झाडून सगळे विषय नेमके तिथे घुसवलेले असायचे. एकदा मी म्हटलं, "खर्चाचा विषय ऐनवेळी घ्यायला माझी परवानगी नाही, पुढच्या विषयपत्रिकेत घाला." आवाज कापत होता. कुणी काही बोललं नाही. नियम त्यांनीच छापला होता, बोलणार काय! त्या दिवसापासून विषयपत्रिका मला आधी दाखवायला यायला लागली.

दुसरी गोष्ट चहाची. हसू नकोस. कमिटीत आम्ही तीन बायका होतो. सभा अर्ध्यावर आली की दोघी चहा टाकायला आत जायच्या, आणि कपबश्या घेऊन बाहेर येईपर्यंत एखादा ठराव होऊन गेलेला असायचा. कुणी मुद्दाम करत होतं असं मी म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षं तेच होत होतं. मग आम्ही चहा टपरीवरून मागवायला लागलो. सभेची वेळही संध्याकाळी ७ ऐवजी दुपारी ३ केली, कारण सातला प्रत्येकीचा जीव तव्यावरच्या भाकरीत. या दोन बदलांना कमिटीत जितका विरोध झाला तितका जागा घेण्याच्या ठरावालाही झाला नव्हता.

चेकचं थोडक्यात सांगते. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, काका देवमाणूस असले तरी. खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या अशी सोय असते, त्यासाठी ठराव करून बँकेत द्यावा लागतो. आणि चेकसोबत बिल किंवा व्हाउचर असल्याशिवाय पेन उघडायचं नाही.

काकांना लगेच खलनायक करू नकोस, एवढं मात्र सांगते. बाई अध्यक्ष आणि कारभारी पुरुष ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. १९०९ साली पुण्यात बायकांच्या शिक्षणासाठी सेवासदन ही संस्था सुरू झाली तेव्हा रमाबाई रानडे अध्यक्ष होत्या आणि संघटनेची मोठी बाजू गोपाळ कृष्ण देवधर सांभाळत होते. पण रमाबाई नावापुरत्या नव्हत्या, १९२४ मध्ये गेल्या तोवर त्या कामातच होत्या. जोडीत काही वाईट नाही. एकालाच सगळं ठाऊक आणि दुसरी नुसती सहीची धनी, तिथे बिघडतं. ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे म्हणून 'सरपंचपती' हा शब्द तरी सगळ्यांच्या तोंडी आला. आपल्यासारख्या संस्थांमध्ये आरक्षण नाही, त्यामुळे तिथल्या या प्रकाराला अजून नावही नाही.

एकटी लढू नकोस. तुझ्या गावात बचत गट असतीलच, त्या गटांचा मिळून ग्रामसंघही असेल. तिथल्या दोघी-तिघींना सभासद करून घे. या बायकांना एक सवय असते जी आपल्या शिकल्यासवरल्या कमिट्यांना नसते: पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, वही सगळ्यांसमोर लिहायची, कुणाचा हप्ता थकला ते तोंडावर बोलायचं. 'तिला लिहिता येत नाही हो' अशी हरकत येईल. हरकत घेणाऱ्यांना सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांग. माणदेशी महिला बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा त्या बायकांना घेऊन पुन्हा गेल्या. बायका साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही पण हिशेब येतो, कोणत्याही मुद्दलावर व्याज काढायला सांगा. १९९७ ला बँक उभी राहिली. आमच्या कमिटीतली सगळ्यात तिखट हिशेब तपासणारी बाई चौथी शिकलेली आहे. तिने विचारलेल्या "हे किरकोळ खर्च म्हणजे नेमकं काय?" या प्रश्नाला आमच्याकडे तीन सभा उत्तर नव्हतं.

आता माझी चूक. वही, चेकबुक, कपाटाची किल्ली, हळूहळू सगळं माझ्याकडे आलं आणि मग ११ वर्षं माझ्याकडेच राहिलं. मुलीसारख्या एका कार्यकर्तीने एकदा ऑडिट रिपोर्ट मागितला, तर मी म्हणाले, "तुला कशाला हवाय, मी बघते ना." घरी येऊन ताटावर बसले तेव्हा लक्षात आलं, हे वाक्य कुणाचं होतं ते. ती पोरगी पुढे दुसऱ्या संस्थेत गेली, मी बोलावूनही परत आली नाही. आता आमच्याकडे कुणालाही दोन मुदतींपेक्षा जास्त एकच पद नाही. नियमावलीत दुरुस्ती करून घेतली, म्हणजे पुन्हा मला मोह नको.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम उरकून घे, कारण तुझ्या प्रश्नात ते कुठेच दिसलं नाही. तुझी निवड झाली म्हणतेस, पण बदल अर्ज दाखल झालाय का? कमिटी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, १९५० च्या न्यास कायद्याचं कलम २२. कित्येक ठिकाणी तो दिलेलाच नसतो आणि दप्तरी दहा वर्षांपूर्वीचीच मंडळी विश्वस्त असतात, त्यातली काही तर हयातही नसतात. परिशिष्ट १ चा उतारा (म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेली संस्थेची नोंद, विश्वस्तांच्या नावांसकट) आणि संस्थेच्या घटनेची प्रत, दोन्हीची नक्कल मागव. काकांकडे मागितलीस तर ते 'बघतो' म्हणतील. आठ दिवस वाट बघ, नाहीतर सरळ कार्यालयात नकलेचा अर्ज कर. उतारा हातात आला की त्यात तुझं नाव आहे की नाही ते इथे लिही, मग पुढचं सांगते.