कर्बोदक, पिष्ट, शर्करा, साखर: कुठे कोणता शब्द?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आहारविषयक मजकूर मराठीत आणताना ‘कार्बोहायड्रेट’ हा शब्द वारंवार येतो. त्याला कोणी ‘कर्बोदके’ म्हणते, कोणी ‘पिष्टमय पदार्थ’, तर कोणी सरळ ‘शर्करा’. ‘दुधातील पिष्टमय पदार्थांचे प्रमाण’ असे लिहिले तर चालेल का? आणि ‘शर्करा’ व ‘साखर’ यांत फरक करायचा की नाही?

दुधापासूनच सुरुवात करू, कारण उदाहरण नेमके सापडले आहे. गाईच्या 100 मिलीलिटर दुधात साधारण 4.5 ते 5 ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती जवळजवळ सगळी लॅक्टोज या दुधातल्या शर्करेच्या रूपात. पिष्ट, म्हणजे स्टार्च, त्यात नसतेच. दुधात पिष्ट सापडले तर ते कोणीतरी बाहेरून घातलेले असते. भेसळ ओळखण्याची एक चाचणी यावरच आधारलेली आहे. त्यामुळे ‘दुधातील पिष्टमय पदार्थ’ हा शब्दप्रयोग चुकीचा तर आहेच, शिवाय दुधाची नालस्ती करणारा आहे.

‘पिष्ट’ म्हणजे दळलेले. संस्कृत ‘पिष्’ या धातूपासून तो आला. आपले ‘पीठ’ त्याचेच वंशज, आणि दळलेलेच पुन्हा दळण्याला ‘पिष्टपेषण’ म्हणतात. पिठात स्टार्च भरपूर, म्हणून स्टार्चला ‘पिष्ट’ हे नाव चपखल बसले. इथवर ठीक. पुढे रोजच्या जेवणातली बहुतेक कर्बोदके पिष्टाच्याच रूपात असल्याने ‘पिष्टमय पदार्थ’ हे अख्ख्या गटाचे नाव होऊन बसले. स्टार्च हा त्या गटातला एक सभासद आहे, गट नव्हे. ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर, लॅक्टोज, सेल्युलोज, ग्लायकोजेन हे सगळे कर्बोदकच. पण यांतले एकही पिष्ट नाही.

शंका असेल तर आयोडीनला विचारावे. 100 मिलीलिटर पाण्यात 1 ग्रॅम पिष्ट आधी थोड्या थंड पाण्यात कालवून, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळावे. पूर्ण थंड झाल्यावर पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलेल्या आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले की गर्द निळा-काळा रंग येतो. साखरेच्या, ग्लुकोजच्या किंवा लॅक्टोजच्या द्रावणात तेच थेंब टाका, आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग तसाच राहतो. पिष्टातला अमायलोज हा घटक ग्लुकोजच्या लांब साखळीचा असतो. ही साखळी मळसूत्रासारखी वळते आणि तिच्या पोकळीत आयोडीनचे अणू ओळीने अडकतात. निळा रंग त्यातून येतो. द्रावण गरम असतानाच थेंब टाकले तर हे वळण टिकत नाही, रंग उमटत नाही आणि ‘पिष्ट नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. द्रावण अल्कधर्मी असले तरीही फसगत होते, कारण तिथे आयोडीनच अभिक्रिया होऊन संपून जाते.

आता ‘कर्बोदक’. कर्ब अधिक उदक, अ आणि उ मिळून ओ. म्हणजे शब्दशः कार्बन आणि पाणी. ग्लुकोजचे सूत्र C₆H₁₂O₆, ते C₆(H₂O)₆ असेही लिहिता येते; साखरेचे C₁₂H₂₂O₁₁, म्हणजे C₁₂(H₂O)₁₁. एकोणिसाव्या शतकात ही सूत्रे पाहून रसायनशास्त्रज्ञांनी ‘कार्बनचे हायड्रेट’ असे नाव ठेवले, आणि मराठी शब्दाने तोच अर्थ उचलला. नाव देखणे आहे, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने दिशाभूल करणारे. खरे हायड्रेट म्हणजे मोरचूद: त्याच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू पाणी म्हणूनच बसलेले असतात. तापवले की ते निघून जातात, निळे मोरचूद पांढरे पडते, आणि पाण्याचा थेंब टाकताच पुन्हा निळे होते. साखर तापवा: ती वितळते, तपकिरी होते, शेवटी काळा कोळसा उरतो. त्या कोळशात कितीही पाणी ओतले तरी साखर परत येत नाही, कारण पाण्याचे रेणू तिच्यात कधी नव्हतेच. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल गट कार्बनला वेगवेगळे जोडलेले होते.

सूत्राची कसोटीही दोन्ही बाजूंनी गळते. डीएनएमधील डीऑक्सिरायबोज हे C₅H₁₀O₄. त्यात ऑक्सिजनचा एक अणू कमी आहे, तरी ते कर्बोदकच. उलट अॅसिटिक आम्ल C₂H₄O₂ आणि लॅक्टिक आम्ल C₃H₆O₃ सूत्रात अगदी बसतात, पण कर्बोदके नाहीत. म्हणून ‘कर्बोदक’ हा शब्द वापरावा, जरूर वापरावा. त्याच्या फोडीतून व्याख्या काढू नये. आणखी एक घोटाळा अधूनमधून दिसतो: ‘हायड्रोकार्बन’साठी ‘कर्बोदक’ लिहिणे. हायड्रोकार्बनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन, जसे मिथेन, ऑक्सिजन नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी आले की मजकूर आहारशास्त्रातून थेट पेट्रोलियममध्ये जातो.

शर्करा आणि साखर यांचे मूळ एकच. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे खडे, बारीक कंकर. प्राकृतातून ‘साखर’ झाली, आणि फारसी-अरबी वाटेने तोच शब्द युरोपात ‘शुगर’ म्हणून पोहोचला. ‘सॅकराइड’ हाही त्याच घराण्यातला. पण मूळ एक म्हणून अर्थ एक ठरत नाही, आणि इथे भाषेने आपली सोय करून ठेवली आहे ती वाया घालवू नये. ‘साखर’ म्हणजे डब्यातला तो पदार्थ, सुक्रोज. ‘शर्करा’ म्हणजे लहान रेणूंच्या कर्बोदकांचा वर्ग: ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज या एकशर्करा, सुक्रोज, लॅक्टोज, माल्टोज या द्विशर्करा. ‘डीएनएचा कणा साखर आणि फॉस्फेटचा’ असे वाचले की हसू येते. ‘शर्करा आणि फॉस्फेट’ म्हटले की प्रश्न मिटतो. शर्करा स्त्रीलिंगी आहे आणि अनेकवचनातही रूप बदलत नाही, म्हणून संख्या क्रियापदातून दाखवावी: ‘मधात दोन प्रमुख शर्करा असतात’.

अपवाद ‘रक्तातील साखर’. तिथे साखर म्हणजे ग्लुकोज, सुक्रोज नव्हे. खाल्लेले सुक्रोज लहान आतड्यातच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुटते. उपाशीपोटी एका डेसिलिटर रक्तात साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असते. ‘रक्तातील साखर’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो बदलण्यात अर्थ नाही, पण तांत्रिक मजकुरात पहिल्या उल्लेखाला ‘रक्तातील ग्लुकोज’ लिहावे.

हा फरक केवळ शब्दांचा हट्ट नाही हे बेनेडिक्ट चाचणीत कळते. 2 मिलीलिटर निळ्या बेनेडिक्ट अभिकर्मकात तपासायच्या द्रावणाचे 8 थेंब घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात 3 ते 5 मिनिटे ठेवली, तर ग्लुकोज किंवा लॅक्टोज असताना रंग प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी ते विटकरी होतो. साखरेच्या शुद्ध द्रावणात निळा तसाच राहतो. ‘साखरेची चाचणी’ साखरेवरच चालत नाही! कारण सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे क्रियाशील टोक एकमेकांनाच बांधलेले असते. म्हणून या चाचणीला ‘क्षपणकारी (रिड्यूसिंग) शर्करांची चाचणी’ म्हणायचे. सुक्रोज विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून तोडले, मग खाण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत थोडा थोडा घालून आम्ल मारले, की तीच चाचणी विटकरी रंग देते. सोड्याची पायरी गाळली तर उरलेले आम्ल अल्कधर्मी अभिकर्मकाला निकामी करते आणि काहीच दिसत नाही.

फलशर्करा (फ्रुक्टोज), द्राक्षशर्करा (ग्लुकोज), दुग्धशर्करा (लॅक्टोज) ही नावे गोड आहेत, पण जपून. 1747 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आंड्रेआस मार्गग्राफ यांनी मनुकांपासून ग्लुकोज वेगळे केले. ‘द्राक्षशर्करा’ नावामागे हा द्राक्षांचा संबंध आहे. प्रत्यक्षात द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे ‘द्राक्षातील फलशर्करा’ असे विचित्र वाक्य लिहावे लागते. ग्लुकोज, फ्रुक्टोज हेच बरे. ‘दुग्धशर्करा’ मात्र नैसर्गिकरीत्या दुधातच भेटते, ती खुशाल वापरावी.

‘पॉलिसॅकराइड’, म्हणजे अनेक एकशर्करांची लांब साखळी, यासाठीच्या ‘बहुशर्करा’ या शब्दाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. सामान्य वाचक तो ‘भरपूर साखर असलेले’ असा वाचतो, आणि सेल्युलोज तर ना गोड ना आपल्याला पचणारे. पिष्ट आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फक्त जोडणीची दिशा वेगळी, आणि सेल्युलोजची जोडणी तोडणारे विकर (एन्झाइम) आपल्या शरीरात नाही. ‘पॉलिसॅकराइड’ लिहून एकदा समजावून सांगणे जास्त सुरक्षित. तसेच ‘तंतुमय पदार्थ’ सगळेच कर्बोदक नसतात; वनस्पतींना कडकपणा देणारे लिग्निन त्यात मोडते, पण ते कर्बोदक नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘दुधातील कर्बोदकांचे प्रमाण’ लिहा, आणि लॅक्टोजबद्दलच बोलायचे असेल तर ‘दुधातील शर्करा’ही चालेल. त्याच मजकुरात पुढे ‘शुगर-फ्री’ आले असेल तर ते ‘शर्करामुक्त’ करा, ‘कर्बोदकमुक्त’ नव्हे: अशा पदार्थात पिष्ट किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टाच्या तोडलेल्या छोट्या साखळ्या) भरपूर असू शकते, ते पचून ग्लुकोजच होते, आणि दर ग्रॅमला सुमारे 4 किलोकॅलरी देतेच.