अभ्यागतांसाठी ठेवायच्या जुन्या कॉम्प्युटरवर फक्त आमचीच वेबसाइट दिसावी, तीही मुक्त सॉफ्टवेअर वापरून. हे कसं करायचं?

फायरफॉक्स असो वा क्रोमियम, दोन्हींत कियॉस्क मोड (फक्त एकच पान पूर्ण पडद्यावर दाखवायची सोय) आहे, त्यामुळे पान फुल स्क्रीन उघडणं सोपं. खरं काम पुढे असतं: बाहेर पडायच्या वाटा बुजवणं.

तुम्ही जुनं मशीन म्हणताय, तर त्यावर डेबियन ही लिनक्सवर आधारित मुक्त ऑपरेटिंग सिस्टम टाका, पण डेस्कटॉप निवडूच नका. मेनू नाही, टास्कबार नाही, म्हणजे निम्मी डोकेदुखी गेली. त्यावर केज नावाचा छोटा वेलँड कंपोझिटर, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम, चढवा. तो एकच प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर चालवतो आणि तो प्रोग्रॅम बंद झाला की स्वतःही बंद होतो. केज आणि त्यातला ब्राउझर ही जोडी सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करून चालू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमध्ये ‘रीस्टार्ट ऑलवेज’ लावून ठेवा. कुणी ब्राउझर बंद केलाच, तर तो लगेच पुन्हा उभा राहतो.

आता वाटा. कंट्रोल-पी दाबा. प्रिंटच्या खिडकीत ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’ निवडलं की फाइल निवडायची चौकट उघडते आणि तिथून अख्खी डिस्क चाळता येते. दुसरी वाट तुमच्याच पानावर असते: तळाशी सोशल मीडियाचं चिन्ह, किंवा नकाशाच्या कोपऱ्यातला लोगो. त्यावर बोट पडलं की पाहुणा थेट बाहेर. क्रोमियमच्या मॅनेज्ड पॉलिसीच्या (ब्राउझरवर सक्तीचे नियम लादणाऱ्या) फाइलमध्ये आधी सगळे पत्ते ब्लॉक करा, मग फक्त तुमचं डोमेन अलाउलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत घाला. प्रिंटिंग, फाइल निवडायची चौकट आणि डेव्हलपर टूल्सही तिथेच बंद होतात. टच स्क्रीन असेल तर कीबोर्ड ठेवूच नका, शॉर्टकटचा प्रश्नच मिटतो.

डिस्कचं म्हणाल तर ओव्हरलेएफएस लावा, म्हणजे मूळ फाइलींना हात न लावता बदल वरच्या वेगळ्या थरात ठेवणारी फाइल सिस्टम. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ते आवृत्ती ३.१८ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. दिवसभरात जे काही लिहिलं जाईल ते रॅममध्ये राहतं आणि रीस्टार्ट केलं की मशीन होतं तसं. अर्थात अपडेटही असेच उडून जातात, म्हणून ते करताना ओव्हरले बंद करावा लागतो. हे लोक हमखास विसरतात आणि मग वर्षभर जुनाच ब्राउझर चालत राहतो.

बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जना) पासवर्ड, यूएसबीवरून बूट बंद, आणि वीज परत आली की आपोआप सुरू व्हायचा पर्याय चालू, एवढं करा. दोनेक मिनिटं हालचाल नसेल तर पहिल्या पानावर परतायचं काम वेबसाइटमध्येच थोडं जावास्क्रिप्ट घालून होतं. फॉर्म भरून घेणार असाल तर तेवढं पुरत नाही. दर वेळी ब्राउझरच नव्यानं उघडायला हवा, तोही इनकॉग्निटोमध्ये (बंद केल्यावर भरलेली माहिती न ठेवणाऱ्या मोडमध्ये).

एवढा खटाटोप नको असेल तर पोर्टियस कियॉस्क ही फक्त ब्राउझर चालवणारी तयार लिनक्स सिस्टम पाहा. पेन ड्राइव्हवरून बूट करायचं, विझार्डमधल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची की झालं. सिस्टम मुळातच रीड-ओन्ली असते. त्यात फायरफॉक्स निवडा. क्रोमचाही पर्याय दिसतो, पण तो मुक्त स्रोत नाही.