शेवटच्या पाच मीटरकडे लक्ष दे

तू सारखं पोहण्याच्या शर्यतीतल्या सुरुवातीच्या डाइव्हबद्दल विचारतोस. ते जमेल हळूहळू. मला काळजी आहे ती तुझ्या फिनिशची, शेवटी भिंतीला हात लावण्याची. काल पाहिलं, भिंत जवळ आली की तू मान वर काढतोस. कंबर खाली जाते, पाय थंडावतात.

आपल्या कोल्हापूरच्या जलतरणपटू वीरधवल खाडेचं बघ. सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल. २०१० च्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ. पुढे तहसीलदाराची नोकरी आली, सराव सुटला. तरी तो परत पाण्यात उतरला आणि २०१८ ला जकार्ता एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल गाठली. त्याची वेळ २२.४७, तिसऱ्याची २२.४६. एका शतांश सेकंदाने पदक हुकलं! हीटमध्ये, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीत, तर तो २२.४३ पोहला होता. आठवलं की अजून जीव हळहळतो.

म्हणून सांगतो, लेनच्या दोरीचा शेवटचा लाल भाग लागला की श्वास घ्यायचा नाही. डोकं खाली, पाय जोरात, खांद्यापासून हात लांबवून बोटांची टोकं पॅडवर, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पाटीवर. तळवा नाही, बोटं. आणि हे दमलेला असताना, प्रत्येक सेटच्या शेवटच्या लॅपलाही करायचं. उद्या सकाळी तेवढंच बघणार आहे मी.